जुनी गाडी आधी चालवा, मग चमकवा: रिस्टोरेशनच्या धंद्यात उतरण्याआधी हे वाचाच



मागच्या व्हिडिओत आपण गॅरेज चालवणाऱ्यांच्या हिशोबावर बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न एकाच विषयावर आले: "सर, जुन्या गाड्या रिस्टोअर करून विकायचा धंदा कसा आहे? पद्मिनी घेऊ का? लुना, राजदूत, जावा चालेल का? सुरुवातीला किती भांडवल लागेल?"

व्हिडिओत दहा मिनिटांत हे सगळं बसत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. माझं कोल्हापुरात स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. जुन्या गाडीचा पार्ट शोधत येणारा माणूस आठवड्यातून एक-दोनदा तरी काउंटरवर असतोच. कुणाची गाडी रस्त्यावर आली, कुणाची शेडमध्येच राहिली आणि का राहिली, हे मला त्या काउंटरवरून दिसत आलंय. त्यावरून माझं मत पक्कं झालंय आणि ते थोडं कडू आहे.

या धंद्यात नव्याने येणारे बहुतेक जण काम उलट्या टोकाकडून सुरू करतात. रंग आधी, इंजिन नंतर आणि कागद सगळ्यात शेवटी. पैसा बुडतो तो इथेच. बरोबर क्रम आहे कागद, ब्रेक, इंजिन, पत्रा आणि शेवटी रंग.

आता एकेक मुद्दा घेऊ.

नाद कुठून येतो?

कोल्हापूरकरांना जुन्या गाडीचं वेड समजावून सांगावं लागत नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी दसरा चौकात येते, तेव्हा लोक सोनं लुटायला जेवढे येतात तेवढेच गाडी बघायलाही येतात. पण मेबॅक सोडा, ती राजाची गाडी. आपल्या घराघरातली गाडी म्हणजे फियाट.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. तिथून फियाट ११०० निघाली, १९७४ पासून तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि साधारण २००० सालापर्यंत ती बनत राहिली. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगपाशी. मुंबईची काळी-पिवळी म्हटलं की हीच गाडी डोळ्यांसमोर येते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मुदत असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. पेपरात फोटो आले, लोक हळहळले. "आपल्या आजोबांकडे होती बघ" असं म्हणत लोकांनी गोठ्याशेजारच्या पडवीतली, ताडपत्रीखालची गाडी पुन्हा उघडून बघायला सुरुवात केली.

म्हणजे मागणी खरी आहे, हे मी मान्य करतो. पण गाडीवर प्रेम असणं वेगळं आणि त्या प्रेमापोटी कुणी तुम्हाला वेळेवर पैसे देणं वेगळं. बीबीएला असताना मार्केटिंगच्या सरांनी गरज, इच्छा आणि मागणी यांतला फरक शिकवला होता. तेव्हा तो परीक्षेपुरता होता, काउंटरवर बसल्यावर खरा कळला. जुनी गाडी सगळ्यांना आवडते. ती नीट करून घ्यायला पैसे मोजणारे फार थोडे. आणि काम मध्येच थांबलं तरी पैसे मोजत राहणारे त्याहून थोडे.

पहिली पायरी: बॉनेट उघडायच्या आधी आरसी उघडा

तुम्ही गाडी विकत घेणार असा किंवा गिऱ्हाइकाची गाडी कामाला घेणार असा, पहिला प्रश्न एकच: "कागद कुठायत?"

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी आरटीओत नेऊन निरीक्षकाला दाखवावी लागते, चेसिस नंबर जुळावा लागतो, पर्यावरण कर भरावा लागतो, पीयूसी आणि विमा लागतो. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीत २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींसाठी ती १०,००० वर गेली. उशीर झाला असेल तर त्याचा आकार वेगळा. आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायची ती वेगळीच.

हे झालं कागद नीट असतील तर. प्रत्यक्षात काय असतं?

- गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले. मग वारसांच्या नावावर करायला फॉर्म ३१ आणि वारसाची कागदपत्रं लागतात. चार काका-आत्या असतील तर चौघांची संमती गोळा करत फिरा.
- गाडी तीन हात फिरलेली, पण आरसीवर पहिलाच मालक. मधल्या लोकांनी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याच नाहीत. मूळ मालक आज कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही.
- नंबर 'एमएच' सुरू व्हायच्या आधीचा, तीन अक्षरी. ऑनलाइन टाकला तर गाडी दिसतच नाही, कारण जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढलेलीच नाही. एजंट याला 'बॅकलॉग' म्हणतात. ते काम होतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो.
- इंजिन कधीतरी बदललेलं, पण आरसीवर जुनाच इंजिन नंबर.

यातली कुठलीही अडचण पत्रा आणि रंगावर दोन लाख घालून झाल्यावर कळली, तर तुमच्याकडे एक सुंदर शोपीस असेल, रस्त्यावर नेता येणारी गाडी नसेल. म्हणून माझा सरळ सल्ला आहे: कागदाचा मार्ग स्पष्ट होईपर्यंत गाडीचा एक बोल्टसुद्धा खोलू नका.

'विंटेज नोंदणी'बद्दलचा गैरसमज

बरेच जण म्हणतात, "सर, विंटेजमध्ये टाकू की." हे नीट समजून घ्या. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकीच त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात.

आता महत्त्वाची अट. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे 'पद्मिनी विंटेजमध्ये टाकतो आणि लग्नाच्या वरातीला भाड्याने देतो' हा प्लॅन तिथेच संपला. तुमची पद्मिनी १९८५ ची असेल तर ती मुळात त्या वर्गात बसतच नाही. तिला साधं नूतनीकरणच करावं लागेल.

साध्या पांढऱ्या पाटीच्या गाडीचंही तेच. ती खाजगी वापरासाठी असते, भाडं घेऊन चालवायला परमिट लागतं. वरात, प्री-वेडिंग शूट अशी कमाई डोक्यात असेल, तर पैसे गुंतवायच्या आधी तुमच्या आरटीओत आणि विमा कंपनीत समोर बसून विचारा. "सगळेच करतात" हे उत्तर अपघात झाला की उपयोगी पडत नाही.

दुसरी पायरी: थांबण्याची सोय आधी, चालण्याची नंतर

दहा-पंधरा वर्षं उभी असलेली गाडी मिळाली की पोरांना पहिली हौस असते इंजिन सुरू करायची. बॅटरी लावली, सेल्फ मारला, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू. असं करू नका.

गाडी उभी राहून राहून आतून काय होतं ते बघा. टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ राहते, ती कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसते. टाकी आतून गंजते आणि तो गंज पाइपातून पुढे येतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्याने व्हील सिलिंडर जाम होतात. रबरी होज कडक होऊन तडकतात. वायरिंगचं प्लास्टिक ठिसूळ होतं, उंदरांनी कुरतडलं असेल तर विचारूच नका. टायरवर नक्षी भरपूर दिसते, पण रबर मेलेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तो वाचायला शिका, फुकटचं ज्ञान आहे.

म्हणून क्रम असा ठेवा:

ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबर किट, होज, शू हे सगळं खोलून बघायचं. इथे 'चालतंय की' हा शब्द बंद.

टाकी आणि पेट्रोल लाइन. टाकी उतरवून धुवायची, आतून गंज असेल तर नीट करून घ्यायची. आणि एक आजची गोष्ट लक्षात ठेवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाड्या बनल्या तेव्हा असा विचारच नव्हता. जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केट त्याने लवकर खराब होतात, आणि इथेनॉल पाणी धरतं म्हणून उभ्या गाडीची टाकी पुन्हा गंजते. इथेनॉलला टिकणारे पाइप सुरुवातीलाच बसवा. काही शे रुपयांची गोष्ट आहे, पण गरम इंजिनवर पेट्रोल गळलं तर गाडी जाते, कधी माणूसही.

इंजिन. सेल्फ मारण्याआधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग इंजिन हाताने फिरतंय का बघा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. जाम असेल तर जोर करू नका, खोला. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग ही कामं आमच्या उद्यमनगरात आजही होतात. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला पार्ट शोधून मिळतात. इंजिन साधं आहे, हीच या गाडीची मोठी जमेची बाजू. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कार्ब्युरेटर समजणाऱ्या माणसाला स्कॅनर लागत नाही.

थंड राहण्याची सोय. रेडिएटर, वॉटर पंप, होज. घाटात गाडी तापली की गिऱ्हाइकाचा फोन तुम्हालाच येणार आहे.

वायरिंग. तुकडे जोडत बसण्यापेक्षा नवा हार्नेस बांधून घ्या. जुन्या गाडीला फ्यूज मोजकेच असतात, त्यामुळे एक उघडी वायर महागात पडते.

एवढं झालं की गाडी तशीच, जुन्या उडालेल्या रंगात, आधी आवारात आणि कागद पूर्ण झाले की रस्त्यावर चालवायची. दोन-तीनशे किलोमीटर झाले पाहिजेत. गळती, आवाज, तापणं, जे काही बाहेर यायचंय ते याच काळात येतं. ते आलं की दुरुस्त करायचं. रंगाचा विषय तोपर्यंत काढायचाच नाही.

तिसरी पायरी: पत्रा, आणि मग रंग

या फियाटला ट्रक-जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. त्यामुळे तळाचा पत्रा, दाराखालचा पत्रा, पाटे बसतात ती जागा कुजली असेल तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीची ताकदच गेलेली असते. तिथे पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे घुणाने पोखरलेल्या वाशाला वॉर्निश लावणं. नवा पत्रा कापून वेल्डिंग करूनच घ्यायचा.

आणि वेल्डिंग करायचं तर ठिणग्या उडणार, इंजिन वरखाली होणार, काचा निघणार. रंग आधी मारला असेल तर तो पुन्हा मारावा लागणार आणि तो खर्च गिऱ्हाईक देत नाही. तो तुमच्या खिशातून जातो. रंग शेवटी मारायचा, यामागे एवढा साधा हिशोब आहे. मूळ रंग बदलायचा असेल तर आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

"पण सर, गिऱ्हाईक रंगालाच पैसे देतं"

हा आक्षेप मी बऱ्याच मिस्त्रींकडून ऐकलाय आणि त्यात तथ्य आहे. गिऱ्हाइकाला व्हील सिलिंडर दिसत नाही. त्याला चकचकीत बॉनेट दिसतं, त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर जातात आणि मग पुढचा हप्ता सुटतो. रील बघून नवं गिऱ्हाईक येतं तेही रंगामुळेच. खोटं नाही.

पण विचार करा. रंग झाल्यावर गिऱ्हाइकाच्या मनात गाडी 'झाली'. त्यानंतर तुम्ही सांगता की क्रँक ग्राइंडिंगचे अजून चाळीस हजार लागतील, तेव्हा तो म्हणतो, "अहो, गाडी तर झाली ना? आता कसले पैसे?" इथून भांडण सुरू होतं. काउंटरवर येणाऱ्या गॅरेजवाल्यांकडून या धंद्यातल्या जेवढ्या भांडणांच्या गोष्टी ऐकल्या, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात इथूनच झालेली.

उलट, गिऱ्हाइकाला जुन्या रंगातल्याच गाडीत शेजारी बसवून रंकाळ्याला एक फेरी मारून आणा. ज्या सीटवर वडील बसायचे तिथे बसून तो माणूस गाडीचा आवाज ऐकतो. त्यानंतर पत्र्याचे आणि रंगाचे पैसे मागताना तुम्हाला अवघड वाटत नाही, आणि त्यालाही देताना जड जात नाही. रील बनवायचीच असेल तर त्या पहिल्या फेरीची बनवा.

भाव कसा सांगायचा? 'टोटल' कधीच सांगू नका

"पूर्ण गाडी किती घेणार?" या प्रश्नाला आकडा सांगितला की तुम्ही अडकलात. न उघडलेल्या गाडीचा खर्च तुम्हाला माहीत नाही, मिस्त्रीला नाही आणि गिऱ्हाइकाला तर नाहीच. काम टप्प्यांत विका:

१. तपासणी. ठरलेली फी घ्या, फुकट करू नका. कागद, तळ, इंजिन, ब्रेक बघून फोटोंसह लेखी अहवाल द्या. गाडी नीट करण्यात अर्थ नसेल तर तेही लिहा. ही फी तुमच्या प्रामाणिकपणाची आहे.
२. चालती करणं. ब्रेक, टाकी, इंजिन, वायरिंग. अंदाज द्या, त्यावर आगाऊ रक्कम घ्या.
३. पत्रा. जेवढा कुजलेला निघेल तेवढा. उघडल्यावर फोटो पाठवा, होकार आल्यावरच कापा.
४. रंग, सीट, बीडिंग, क्रोम. शेवटी.

एक टप्पा संपला, पैसे जमा झाले, की पुढचा. काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून, नाव टाकून परत द्या. आणि एक ओळ करारात नक्की टाका: टप्पा संपल्यावर इतक्या दिवसांत निर्णय कळवला नाही, तर जागेचं भाडं लागू होईल.

ही ओळ का, ते हिशोबाने बघा. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. समजा तुमच्या शेडचं भाडं महिना १५,००० आणि आत तीन गाड्या बसतात. म्हणजे एका गाडीची जागा महिन्याला ५,००० ची. गिऱ्हाइकाकडे पैसे आले नाहीत म्हणून एक गाडी १४ महिने उभी राहिली, तर ७०,००० रुपये गेले. ते कुठल्या कोटेशनमध्ये होते? शिवाय त्या जागेवर जी कामं झाली असती ती गेली, ते वेगळंच. रिस्टोरेशन शेड बंद पडते ती कामाअभावी क्वचित. ती अर्धवट गाड्यांनी भरून बंद पडते.

घेऊन, नीट करून विकायचं असेल तर

गेल्या महिन्यात सांगलीकडच्या एका मुलाचा मेसेज आला. वय चोवीस, आयटीआय झालेला, हात चांगला. दोन पद्मिनी एकदम मिळतायत, आईचे दागिने ठेवून गोल्ड लोन काढू का, असं विचारत होता. तो मेसेज वाचून मी हा लेख लिहायचं ठरवलं, कारण असं विचारणारा तो एकटा नाही.

माझं उत्तर: नको. हात चांगला आहे यात शंका नाही. पण व्याज दर महिन्याला पळतं आणि जुनी गाडी पळत नाही. पार्ट तीन आठवडे मिळत नाही, लेथवाला दिवाळीनंतर या म्हणतो, आरटीओचं काम महिनाभर लांबतं. गाडी तयार झाल्यावरही योग्य गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही. ज्या मालाची विक्रीची तारीख तुमच्या हातात नाही, तो माल कर्जाच्या पैशाने भरायचा नसतो. हा नियम किराणा दुकानालाही लागू आहे आणि पद्मिनीलाही.

शिवाय, गाड्यांची खरेदी-विक्री धंदा म्हणून करायची तर १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून जुन्या वाहनांचा डीलर म्हणून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जीएसटी नोंदणी असेल तर वापरलेल्या गाडीच्या नफ्याच्या रकमेवर २०२५ च्या जानेवारीपासून १८ टक्के लागतो. हे तुमच्या सीएकडून नीट समजून घ्या. नफा काढताना या गोष्टी धरल्या नाहीत तर कागदावर नफा आणि हातात शून्य.

त्या मुलाला मी सांगितलं, "भावा, दागिने आईकडेच राहू देत. आधी दुसऱ्याच्या चार गाड्यांची तपासणी आणि चालती करण्याची कामं घे. हातात पैसा आणि ओळख दोन्ही येईल. मग पाचवी गाडी स्वतःच्या पैशाने घे."

मग कमाई कशात आहे?

पूर्ण गाडी अंगावर न घेताही या क्षेत्रात छोटी, नियमित कामं आहेत, आणि आपल्यासारख्यांसाठी तीच जास्त बरी:

- कार्ब्युरेटर, पॉइंट आणि इग्निशनचं ट्यूनिंग. इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलेल्या नव्या मेकॅनिकला बऱ्याचदा हे येत नाही.
- जुन्या गाड्यांचे वायरिंग हार्नेस बांधून देणं.
- दाराची रबरं, बीडिंग, सीट कव्हर जुन्या नमुन्याप्रमाणे करून देणं.
- महिन्यातून दोनदा गाडी सुरू करून, फिरवून, बॅटरी-हवा बघून ठेवण्याची सेवा. मुलं पुण्या-मुंबईत, गाडी गावात, अशी घरं बघा.
- कागदांचं काम. वारस नोंद, नूतनीकरण, बॅकलॉग. यात चिकाटी असणाऱ्याला काम कमी पडत नाही.
- विमा काढताना मदत. इतक्या जुन्या गाडीची किंमत मालक आणि विमा कंपनी आपसात ठरवतात. फोटो आणि बिलांची नीट फाइल असेल तर ती योग्य ठरते. ती फाइल तुम्ही बनवून द्या.

यातल्या एकाही कामाला आईचे दागिने लागत नाहीत.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. फियाटचं इंजिन कानाने ओळखणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या पोरांनी हा धंदा धरलेला नाही. तुमच्या गावातल्या अशा काकांना शोधा. नुसतं "काका, जरा बघा की" म्हणून फुकट बोलवू नका. दिवसाचा मेहनताना ठरवा, त्यांना मानाने घेऊन या आणि शेजारी वही घेऊन बसा. पॉइंटचा गॅप ते कसा लावतात, ड्रम ठोकून काय ऐकतात, ते लिहून घ्या, परवानगी घेऊन व्हिडिओ काढा. पाच-दहा वर्षांनी ही माहिती पैसे देऊनही मिळणार नाही. ती ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडे लोक गाडी घेऊन लांबून येतील.

या आठवड्याचा गृहपाठ

वाचून सोडून देऊ नका. तीन कामं करा:

१. तुमच्या गावात, तालुक्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जुन्या गाड्या मोजा. गाडी, अंदाजे वर्ष, कुणाकडे, किती वर्षं उभी, एवढं वहीत लिहा.
२. त्यातल्या तीन मालकांना भेटा. विकत मागू नका. "कागद आहेत का? गाडी चालू करायची इच्छा आहे का? अडलंय कशावर?" एवढंच विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.
३. वर सांगितलेल्या टप्पा एकचा, तपासणी अहवालाचा, एका पानाचा नमुना तयार करा आणि त्यावर तुमची फी लिहा.

तिघांपैकी एकानेही तुम्हाला तपासणीची फी दिली, तर तुमच्या भागात हा धंदा होऊ शकतो. तिघांनीही "बघू नंतर" म्हटलं, तर तुमचे एक-दोन लाख वाचले असं समजा आणि दुसरा धंदा शोधा, त्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या वहीत काय सापडलं ते मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत तपासणी अहवालाचा नमुना फळ्यावर लिहून, एकेक ओळ समजावून सांगणार आहे. तोपर्यंत कामाला लागा. भेटू!